मनोविकाराची औषधं आणि हृदय: घरच्यांनी काय मोजायचं, केव्हा मोजायचं

ओलॅन्झापिन, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल, क्लोझापिन. यांपैकी एखादं नाव ज्यांच्या घरातल्या औषधांच्या डब्यात रोज असतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि काही वेळा तीव्र नैराश्यासाठीही दिल्या जाणाऱ्या या अँटिसायकोटिक औषधांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, हे आपल्याला बहुधा उशिरा आणि अर्धवट कळतं. मग काही घरांत घाबरून गोळ्या बंद होतात, आणि काही घरांत 'डॉक्टर बघतील' म्हणून विषयच संपतो. नुकसान दोन्हीकडे पेशंटचंच होतं.

मी डॉक्टर नाही. स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाची शुभंकर, म्हणजे त्याची काळजी घेणारी घरची व्यक्ती आहे, त्याची फाईल मीच सांभाळते. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय: मनाचा डॉक्टर हृदय तपासत नाही, हृदयाचा डॉक्टर मनाच्या गोळ्यांकडे बघत नाही, आणि या दोघांच्या मधली जागा घरच्यांनाच भरावी लागते. ही जागा वही, वजनकाटा, बीपीचं मशीन आणि योग्य वेळी काढलेला ईसीजी यांनी भरता येते.

धोका खरा आहे, हे आधी मान्य करू. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या रुग्णांच्या नोंदींवरून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की ही औषधं घेणाऱ्यांमध्ये हृदय अचानक बंद पडून मृत्यू येण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होतं. जुन्या आणि नव्या दोन्ही पिढ्यांच्या औषधांना हे लागू होतं, आणि डोस वाढला की धोकाही वाढत होता. मात्र मुळात हे प्रमाण लहान असतं, आणि लहान आकड्याची दुप्पटही लहानच राहते. त्याच वर्षी फिनलंडमधून आलेला दुसरा अभ्यास तितकाच महत्त्वाचा आहे. स्किझोफ्रेनियाच्या हजारो रुग्णांचा अकरा वर्षांचा मागोवा घेतल्यावर तिथे असं आढळलं, की दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांपेक्षा अजिबात न घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. सगळ्यांत कमी मृत्यू क्लोझापिन घेणाऱ्यांमध्ये होते, म्हणजे ज्या औषधाचे हृदयावरचे दुष्परिणाम सर्वांत जास्त चर्चेत असतात, त्याच औषधाच्या गटात. म्हणून खालच्या कोणत्याही पायरीवर 'स्वतःहून गोळी बंद करा' असं तुम्हाला वाचायला मिळणार नाही.

पहिली पायरी: डब्यात नेमकं काय आहे ते लिहून काढा

स्ट्रिपवरचं मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं असतं. त्याखालच्या बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतात, तेच वहीत उतरवा. आपल्याकडे एका गोळीत दोन औषधं असणं नेहमीचं आहे. रिस्पेरिडोन किंवा ट्रायफ्लुओपेराझिनसोबत ट्रायहेक्सिफेनिडिल असतं. हात थरथरू नयेत, अंग आखडू नये म्हणून ते घातलेलं असतं, पण त्यानेही नाडी वाढते आणि तोंड कोरडं पडतं.

यादीत फक्त मनोविकाराच्या गोळ्या लिहून थांबू नका. ॲसिडिटीची कॅप्सूल हमखास सुटते. पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या अनेक कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन असतं, काहींत लेवोसल्पिराइड असतं. डॉम्पेरिडोनमुळे ईसीजीवरचा क्यूटी हा कालावधी लांबू शकतो (त्याबद्दल पुढे सविस्तर येईल). लेवोसल्पिराइड तर अँटिसायकोटिक औषधांच्याच कुळातलं आहे. ज्याची आधीच एक गोळी चालू आहे, तो पोटाच्या नावाखाली त्याच जातीची दुसरी गोळी घेत असतो आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नसतो.

नावं हाती आली की कोणत्या औषधाच्या बाबतीत कशाकडे जास्त लक्ष ठेवायचं, याचा ढोबळ अंदाज येतो. झिप्रासिडोन, पिमोझाइड, अमिसुलप्राइड आणि शिरेतून दिलेलं हॅलोपेरिडॉल यांत ईसीजी महत्त्वाचा. थायोरिडाझिन या जुन्या औषधाचा हृदयाच्या लयीवरचा परिणाम इतका गंभीर ठरला, की २००५ मध्ये मूळ कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. ओलॅन्झापिन आणि क्लोझापिनमध्ये वजन, साखर आणि चरबी. क्लोझापिन, क्लोरप्रोमॅझिन, क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोनमध्ये उभं राहताना घसरणारं बीपी. ॲरिपिप्राझोल आणि ल्युरासिडोन हृदयाच्या दृष्टीने तुलनेने सौम्य आहेत. क्लोझापिनची वेगळी पायरीच पुढे दिली आहे, कारण त्याला ती लागतेच.

दुसरी पायरी: सुरुवातीचे आकडे

गोळी सुरू होण्याआधी, आणि सुरू झाली असेल तर या आठवड्यात, एका पानावर हे लिहा: वजन, कंबर, नाडी, बीपी, उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी), लिपिड प्रोफाईल (रक्तातली चरबी), आणि शक्य असेल तर ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम. सुरुवातीचा आकडा नसला की सहा महिन्यांनी वाढलेला आकडा गोळीमुळे वाढला की आधीपासूनच तसा होता, हे कुणालाच सांगता येत नाही.

कंबर पँटच्या पट्ट्याच्या जागी मोजायची नसते. शेवटची बरगडी आणि कमरेचं वरचं हाड यांच्या मध्यावर टेप ठेवा आणि श्वास सोडल्यावर मोजा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानतात.

याच भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी आपणहून सांगा, कारण गर्दीच्या ओपीडीत त्या विचारल्या जातीलच असं नाही. घराण्यात कुणी तरुण वयात अचानक गेलं आहे का? पेशंटला पूर्वी कधी बसल्या-बसल्या किंवा पळताना शुद्ध हरपली आहे का? आणि हृदयाचा कुठलाही जुना आजार, अगदी लहानपणीचं संधिवाताच्या तापानंतरचं झडपेचं दुखणंही. 'मामा झोपेतच गेले' हे वाक्य आपण घरात सहज बोलतो, पण या संदर्भात ते वैद्यकीय माहिती आहे.

तिसरी पायरी: ईसीजीवरचा क्यूटीसी समजून घ्या

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या स्नायूंना पुढच्या ठोक्यासाठी विजेच्या दृष्टीने पुन्हा तयार व्हावं लागतं. त्यासाठी पोटॅशियमचे कण पेशीबाहेर जातात. बरीच अँटिसायकोटिक औषधं पोटॅशियमची ही वाट कमी-अधिक अडवतात आणि तयारीला जास्त वेळ लागतो. ईसीजीवर हा वेळ क्यूटी म्हणून दिसतो. तो फार लांबला तर 'टॉर्साद द प्वांत' नावाची वेडीवाकडी लय सुरू होऊ शकते. ती कधी आपोआप थांबते आणि पेशंटला नुसती चक्कर येते, कधी थांबत नाही.

नाडीचा वेग बदलला की क्यूटीही बदलतो, म्हणून नाडीचा हिशेब करून काढलेला आकडा बघतात. तो क्यूटीसी. पुरुषांत साधारण ४५० मिलिसेकंदांपर्यंत आणि स्त्रियांत ४६० पर्यंत तो ठीक मानतात. ५०० च्या वर गेला, किंवा सुरुवातीच्या आकड्यापेक्षा ६० नी वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. स्त्रियांचा क्यूटी मुळातच थोडा लांब असतो, त्यामुळे त्यांच्यात हा धोका जास्त. वय, मंद नाडी, हृदयाचा आधीचा आजार आणि रक्तात पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी असणं यांनी तो आणखी वाढतो.

इथे एक खोच आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे घरं उगाच हादरतात. ईसीजीचं मशीन जो आकडा छापतं तो बहुधा बाझेटच्या सूत्राने काढलेला असतो, आणि नाडी जलद असली की हे सूत्र आकडा फुगवतं. या औषधांनी तर नाडी वाढतेच. उदाहरण घ्या: नाडी १००, क्यूटी ३६० मिलिसेकंद. बाझेटच्या सूत्राने क्यूटीसी येतो ४६५, म्हणजे पुरुषासाठी मर्यादेबाहेर. फ्रेडेरिसियाच्या सूत्राने तोच येतो ४२७, म्हणजे पूर्ण ठीक. कागद एकच, पेशंट एकच. म्हणून आकडा जास्त आला आणि नाडी ९० च्या वर असेल, तर डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, "फ्रेडेरिसियाने किती येतो?" या प्रश्नात उद्धटपणा काही नाही. एखादं चांगलं लागू पडलेलं औषध केवळ मशीनच्या छापील आकड्यामुळे बदललं जाणं वाचू शकतं.

ईसीजी कधी काढायचा? औषध सुरू करण्याआधी, पूर्ण डोसवर पोहोचल्यावर, डोस बराच वाढवल्यावर, क्यूटी लांबवणारं दुसरं औषध जोडल्यावर, आणि एरवी वर्षातून एकदा. प्रत्येक ईसीजीची झेरॉक्स काढून ठेवा, मूळ कागदावरची शाई काही महिन्यांत उडते.

चौथी पायरी: जुलाब-तापाचा आठवडा

माझ्या मते सगळ्यांत जास्त काळजी घ्यायची ती इथे. पेशंट एरवी ठणठणीत असतो, गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतात, ईसीजी चांगला असतो. मग पावसाळ्यात जुलाब-उलट्या लागतात. घराजवळच्या दवाखान्यातून उलटीसाठी ओन्डान्सेट्रॉन मिळतं, जुलाबासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन. एकेकटी बघितली तर दोन्ही औषधं चांगली आहेत. पण जुलाबाने पोटॅशियम आणि मॅग्नेशियम खाली आलेलं असतं, ओन्डान्सेट्रॉन क्यूटी लांबवतं, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे क्लोझापिन आणि ओलॅन्झापिनची रक्तातली पातळी वाढते. तीन गोष्टी एकाच दिवशी एकमेकींवर चढतात.

अशी आणखी काही नावं लक्षात ठेवा. खोकल्या-घशासाठी सर्रास मिळणारं ॲझिथ्रोमायसिन, तसंच क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. गजकर्ण-नायट्यासाठी आठवड्याला एक म्हणून दिलं जाणारं फ्लुकोनाझोल. नैराश्यासाठीचं एस्सिटॅलोप्राम. सूज उतरवण्यासाठी किंवा बीपीसाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, कारण त्या पोटॅशियम बाहेर टाकतात. क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनाझोल तर स्वतः क्यूटी लांबवतातच, शिवाय क्वेटियापिन आणि पिमोझाइड यकृतात मोडण्याची क्रिया मंदावतात.

ही औषधं कधीच घ्यायची नाहीत असं नाही. न्यूमोनियात अँटिबायोटिक लागतंच. मेडिकलमधून स्वतःहून मात्र काही आणायचं नाही, आणि कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी पहिलं वाक्य हे असू द्या: "यांना अमुक गोळी चालू आहे, हृदयाच्या लयीला त्रास होणार नाही असं औषध द्या." पर्याय बहुधा असतो. पेशंटच्या पाकिटात यादीचा कागद ठेवा, कारण एकटा असताना तो सांगेलच असं नाही. मनाच्या गोळ्या चालू आहेत हे सांगायची लाज अनेकांना वाटते, आणि या एका बाबतीत ती लाज फार महागात पडू शकते.

जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. एका लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्ध्या ग्लासात नाही. त्यात पोटॅशियम असतं. नुसत्या साखर-मिठाच्या पाण्यात ते नसतं. किडनीचा आजार असेल तर नारळपाणी आणि ओआरएस किती द्यायचं ते विचारूनच ठरवा. एका दिवसात आराम पडला नाही किंवा उलट्यांमुळे गोळ्याच पोटात राहत नसतील, तर इलेक्ट्रोलाइट्सची (सोडियम, पोटॅशियमसारख्या क्षारांची) रक्ततपासणी आणि ईसीजी मागा. पोटॅशियमची नेहमीची पातळी ३.५ ते ५ असते, क्यूटीची काळजी असेल तर डॉक्टर ती ४ च्या वर ठेवू पाहतात.

उपवासांचंही बोललं पाहिजे. नवरात्राचे कडक उपास, निर्जळी एकादशी, आणि त्यातच 'उपासाला गोळी चालत नाही' म्हणून चुकवलेला डोस. पाणी आणि गोळी चालू ठेवून उपास करायला काही हरकत नाही, त्यांच्याशिवाय नको. विदर्भातल्या मे महिन्यात तर आणखी सांभाळा. यांतल्या बऱ्याच औषधांमुळे शरीराची उष्णता बाहेर टाकायची क्षमता कमी होते. दुपारी बाहेर राबणारा पेशंट पाण्याविना कधी कोसळेल याचा अंदाज येत नाही.

पाचवी पायरी: उठताना येणारी घेरी

औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही दिवसांत हे फार दिसतं. रक्तवाहिन्या आखडून बीपी सावरणारी यंत्रणा औषधामुळे सुस्त होते, उभं राहिल्यावर रक्त पायांकडे जातं आणि डोळ्यांसमोर अंधारी येते. घरी मोजायची रीत अशी: पेशंटला पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर ते नोंदवा आणि डॉक्टरांना दाखवा. डोस हळू वाढवणं, दिवसाचा डोस विभागणं किंवा बीपीची आधीची गोळी कमी करणं, असे उपाय त्यांच्या हातात असतात.

तोवर पलंगावरून उठताना आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, रात्री लघवीला जाताना दिवा लावायचा, खूप गरम पाण्याने आंघोळ टाळायची. दारू अजिबात नको. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत घेरीची खरी भीती खुब्याच्या हाडाची असते.

सहावी पायरी: क्लोझापिनचे पहिले दोन महिने

इतर औषधं हरतात तिथे क्लोझापिन माणसाला उभं करतं. मला त्याबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच ते नीट सुरू व्हावं असं वाटतं. सुरुवात साडेबारा मिलिग्रॅमपासून होते आणि डोस हळूहळू चढवतात. आशियाई वंशाच्या लोकांच्या शरीरातून क्लोझापिन सावकाश बाहेर पडतं, त्यांना ते आणखी हळू वाढवावं, असं २०२२ मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्रितपणे सुचवलं आहे. आपण भारतीयही त्यात येतो. पेशंट फार आजारी असताना 'लवकर वाढवा' असा आग्रह घरचेच धरतात. तो धरू नका. वेगाने वाढवलेला डोस आणि सोबत चालू असलेलं व्हॅल्प्रोएट (बायपोलर आणि फिट्ससाठीचं औषध), दोन्हींमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका वाढतो.

ही सूज म्हणजे मायोकार्डायटिस. ती क्वचित होते, पण झाली तर बहुधा पहिल्या महिन्यातच, विशेषतः दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात. सुरुवात अगदी फ्लूसारखी होते: ताप, अंगदुखी, थकवा, कधी जुलाब. मग नाडी वाढते, दम लागतो, छातीत दुखतं. घरचे ताप म्हणून पॅरासिटामॉल देतात आणि मोलाचे दिवस जातात. पहिल्या दोन महिन्यांत कोणताही ताप आला तर त्याच दिवशी सायकियाट्रिस्टना कळवा. क्लोझापिनने पांढऱ्या पेशीही घटू शकतात (दर आठवड्याचं सीबीसी त्यासाठीच असतं), त्यामुळे या ताप-फोनला दुहेरी कारण आहे. अनेक साधे तापही या काळात येतात आणि निघून जातात, पण ते ठरवणं आपलं काम नाही.

ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी यासाठी एक पद्धत बसवली आहे: सुरुवातीला ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं), सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि पुढचे चार आठवडे दर आठवड्याला ट्रोपोनिन आणि सीआरपी. आपल्याकडे प्रत्येक ठिकाणी हे सगळं परवडत नाही. माझं सांगणं एवढंच, की सीबीसीसाठी रक्त काढणार आहेतच, तर त्याच सुईत सीआरपी आणि जमल्यास ट्रोपोनिन होईल का, हे विचारा. घरी रोज सकाळी नाडी आणि ताप लिहा. मनगटावर बोटं ठेवून तीस सेकंद मोजायचं आणि दुप्पट करायचं.

नाडीचा आकडा बघून मात्र लगेच दचकू नका. क्लोझापिनवर सुमारे चारात एका माणसाची नाडी वाढते आणि बहुतेक वेळा तो औषधाचा साधा परिणाम असतो. बसून असताना १०० च्या वर सतत राहिली तर पुढच्या भेटीआधी कळवा, डॉक्टर गरज पडल्यास ती कमी करणारी गोळी देतात. १२० च्या वर गेली, किंवा ताप, दम, छातीत दुखणं यांपैकी काही सोबत असेल, तर वाट बघायची नाही.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही हृदयाचा स्नायू कमकुवत होऊ शकतो. पायांवर सूज, सपाट झोपल्यावर दम, जिना चढताना पूर्वीपेक्षा लवकर थकणं दिसलं तर टूडी इको मागा. 'गोळ्यांनी सुस्त झालाय' म्हणून ही लक्षणं फार दिवस झाकली जातात.

दोन घरगुती नियम. डोस अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त चुकला, तर जुन्या डोसवर थेट परत जायचं नाही; डॉक्टरांना विचारून पुन्हा साडेबारापासून चढावं लागतं, नाहीतर बीपी आणि हृदय एकदम कोसळू शकतं. दुसरा नियम धुराचा. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन भराभर मोडतं. रुग्णालयात भरती झाल्यावर किंवा निश्चयाने सिगारेट सुटली की तेच क्लोझापिन रक्तात वाढतं आणि डोस आपोआप जास्त ठरतो. हा परिणाम धुरातल्या रसायनांचा आहे, निकोटिनचा नाही. म्हणून मशेरी किंवा चघळायची तंबाखू सोडल्याने क्लोझापिनची पातळी बदलत नाही. धूम्रपान जरूर सोडवा, फक्त सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा.

सातवी पायरी: कंबर, साखर, तंबाखू

तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी दहा ते वीस वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यामागचं एक मोठं कारण हृदय-रक्तवाहिन्यांचे नेहमीचेच आजार आहेत. टॉर्सादचं नाव भीतीदायक असलं, तरी बहुतेक घरांतला खरा शत्रू हळूहळू वाढणारं पोट आहे.

वजन पहिल्या तीन महिन्यांत दर आठवड्याला घ्या, पुढे महिन्यातून एकदा. पहिल्या महिन्यातच मूळ वजनाच्या पाच टक्के वाढ झाली, म्हणजे साठ किलोचा माणूस त्रेसष्ट झाला, तर पुढे बरंच वाढणार याची ती सूचना आहे. थांबू नका, तेव्हाच बोला. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी वजनवाढ रोखायला मदत करते, आणि ओलॅन्झापिन किंवा क्लोझापिन घेणाऱ्यांना ती लवकर सुरू करण्याकडे आता तज्ज्ञांचा कल आहे. साखर आणि लिपिड तीन महिन्यांनी एकदा, मग दर वर्षी. एचबीए१सी ५.७ च्या आत असावं, ६.५ म्हणजे मधुमेह.

ओलॅन्झापिनची भूक इच्छाशक्तीने आवरत नाही, हे आधी घरच्यांनी समजून घ्यावं. ती औषधाने मेंदूत लावलेली भूक असते. रात्री अकराला डबे उघडणाऱ्या मुलाला ओरडून काही होत नाही. फरसाण आणि बिस्किटं घरात न आणणं, चहातली साखर सगळ्यांनीच कमी करणं, रात्री हाताशी काकडी, ताक, फुटाणे ठेवणं आणि जेवणानंतर कुणीतरी सोबत अर्धा तास चालायला जाणं, याने खरा फरक पडतो. 'जा, चालून ये' म्हटल्याने तो जात नाही, आपण चप्पल घातली की जातो. तंबाखू, मग धुराची असो की चघळायची, हृदयासाठी वाईटच.

सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीखेरीज असंसर्गजन्य आजारांचं एनसीडी क्लिनिकही असतं. बीपी आणि साखर तिथे मोफत तपासतात. गोळ्या घ्यायला गेलात की दोन्हीकडे जाऊन या.

स्मृतिभ्रंश असलेले आजी-आजोबा

त्यांचा प्रश्न वेगळा आहे. चिडचिड, रात्रीची भटकंती यांसाठी ही औषधं दिली जातात. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला, की स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत ही औषधं घेणाऱ्यांचे मृत्यू सुमारे दीडपटीहून जास्त दिसले, बरेचसे हृदयामुळे किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गामुळे. २००८ मध्ये जुन्या औषधांनाही तोच इशारा लागू झाला. म्हणून आधी दुखणं, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, कमी ऐकू येणं यांपैकी कशाने त्रास होतोय का ते शोधायला सांगा. औषध लागलंच तर सर्वांत कमी डोस, थोडे आठवडे, आणि बंद करण्याची तारीख आधीच ठरवून.

आणीबाणीत

उठताना घेरी येणं आणि बसलेला किंवा झोपलेला माणूस कसलीही पूर्वसूचना न देता बेशुद्ध पडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी हृदयाच्या लयीची असू शकते, आणि त्यात हातपाय झटकले जातात म्हणून ती फीट समजली जाते. शुद्ध आली तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि ईसीजी काढाच. छातीत दुखणं, दम, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, एका पायाला सूज येऊन अचानक दम लागणं (पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची शक्यता) यांतही तेच.

माणूस उठत नाही, श्वास नीट नाही किंवा नुसता आचके देतोय, तर १०८ ला फोन लावा, स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत.

कॅज्युअल्टीत 'सायकियाट्रिक पेशंट' कळल्यावर छातीतलं दुखणं मनाचं समजलं जाण्याची शक्यता असते. पेशंट स्वतःही दुखणं नीट सांगत नाही, कधी भलत्याच शब्दांत सांगतो. तेव्हा शांतपणे पण ठाम राहा: यादी समोर ठेवा, जुना ईसीजी दाखवा आणि नवा काढायला सांगा. उग्र पेशंटला शिरेतून हॅलोपेरिडॉल देणार असतील, तर आधीचा क्यूटीसी त्यांना सांगा.

डॉक्टरांशी बोलताना

'हृदयावर परिणाम होतो म्हणतात' असं मोघम बोलण्यापेक्षा 'तीन महिन्यांत वजन सात किलोंनी वाढलं, उभं राहिल्यावर बीपी २५ ने पडतं, हा ईसीजी' असं बोला. मग चर्चा डोस कमी करणं, हळू वाढवणं, सोबतचं औषध काढणं किंवा सौम्य औषधाकडे जाणं, अशी पुढे सरकते. औषध बदलायचं ठरलं तर जुनं कसं कमी होणार आणि नवं कसं वाढणार याचं तारीखवार वेळापत्रक लिहून घ्या. महिन्याच्या इंजेक्शनवर जायचं असेल, तर तेच औषध आधी गोळीने मानवतंय ना ते बघून घ्या, कारण दिलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही.

उपचारांच्या नोंदी मागायला संकोच करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार पेशंटला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क आहे. पुढच्या भेटीला वेळ असेल आणि मध्येच एखादा डोस चुकला किंवा नवीन औषधाबद्दल शंका आली, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. फोन लावताना औषधांची यादी आणि शेवटचे आकडे समोर ठेवा.